सिस्तोच्या झाडाची फळी

मी स्प्रूसच्या लाकडाची फळी बोलतेय. आता चेलोची, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या भावाची, छाती झालेय, पण फळीच म्हणा. आयुष्य तसंच गेलं.

माझं झाड इटलीतल्या फिएम्मेच्या खोऱ्यातलं. एका वादळानं अख्खा डोंगर आडवा केला, त्यात तेही पडलं. पडलेली झाडं एकमेकांत अडकून ताणलेली असतात. करवत चुकीच्या जागी लागली की खोड उसळतं. माझं उसळलं आणि लाकूडतोड्या सिस्तो जागच्या जागी गेला. मला थांबता आलं नाही.

वखारीतून मला ओर्नेल्लानं निवडलं. ती क्रेमोना शहरात चेलो घडवते. माझ्या रेषा सरळ आहेत का पाहिलं, बोटानं ठोकून कान लावला, मग दुसऱ्या फळ्यांकडे बघितलंही नाही. पुढं कितीतरी वर्षं मी तिच्या माळ्यावर वाळत पडले, आणि ती मनासारखा आराखडा शोधत राहिली. अखेर संग्रहालयातून एका जुन्या, रुंद चेलोचा मिळाला. तिनं तो माझ्यावर पसरला. मी जेमतेम पुरले. तिचा चेहरा उजळला.

वाद्याच्या पोटात चिकटवायच्या चिठ्ठीवर लाकडाचं गाव लिहावं, म्हणून तिनं वखारीत फोन केला. वखारवाल्यानं सिस्तोचं सांगितलं. अन् तिच्या फोनची बातमी खोऱ्यात फिरली. तिथं कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

छातीची दोन पाती करायला ओर्नेल्ला मला मधोमध चिरणार, तोच सिस्तोची बायको गेम्मा दारात उभी. हातात नवऱ्याची कुऱ्हाड.

"हिला मी फोडणार," ती म्हणाली. "फोडून चुलीत घालणार."

ओर्नेल्ला आडवी आली नाही. घेताना आपल्याला काही ठाऊक नव्हतं, एवढंच म्हणाली.

"ठाऊक असतं तर घेतली नसती?"

"घेतली असती," ओर्नेल्ला म्हणाली. "पण आधी तुमच्या दारात आले असते."

गेम्मानं मला जमिनीवर उभं केलं. पहिला घाव कडेला बसला. एक पट्टा वरपासून खालपर्यंत सरळ सुटला, आणि सुटताना माझ्यातून लांब, स्वच्छ आवाज निघाला. कुऱ्हाड पुन्हा वर गेली. गेली ती तिथंच राहिली. ओर्नेल्लानं डोळे मिटले नाहीत.

गेम्मानं कुऱ्हाड हळूच टेकवली आणि पट्टा उचलला. सिस्तोच्या थडग्यावरच्या क्रुसाला होईल, म्हणाली. दिलेली कॉफी उभ्यानंच प्यायली.

"उरलेलीचं काय ते करा, बाई. ऐकायला मी यायची नाही."

ती गेल्यावर ओर्नेल्लानं आराखडा पुन्हा माझ्यावर पसरला. आता मी पुरेना. कडेला दुसऱ्या लाकडाची जोड देता आली असती; कितीतरी जण देतात. तिनं आराखडा गुंडाळून ठेवला आणि गुरूंच्या अरुंद चेलोचा काढला. त्याला ती आजवर 'उपाशी' म्हणून हसायची. त्याच मापानं मला घडवलं.

रंग चढण्याआधी लाकूड पिकावं, म्हणून सध्या मी उन्हात टांगलेली आहे. जो कुणी मला नेईल, त्याला एवढंच मागणं: एकदा मला वर खोऱ्यात न्या. गेम्माचं दार वाजवू नका. खिडकीखाली बसून वाजवायला सुरुवात करा. तिनं खिडकी लावून घेतली तर थांबा, मुकाट परत या. उघडी राहिली, तर वाजवत राहा.