जलीलभाईंच्या कापसाची दुलई

मी एक जुनी दुलई आहे, मित्रांनो, लेकराच्या अंगाखाली घालायची. वयाने म्हणाल तर माझ्यावर झोपणाऱ्या अनसला अजून नीट धावताही येत नाही. पण एवढ्याशा आयुष्यात मी एकदा पूर्ण उसवून पुन्हा शिवली गेले आहे, म्हणून स्वतःला जुनी म्हणवते. मला मान नाही, नाहीतर हे सांगताना ती खाली गेली असती.

मुदखेडला स्टेशनच्या रस्त्यावर जलीलभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. घराणं पिंजाऱ्यांचं. त्यांची लेक अर्शी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिच्या आईने, शहजादीबींनी, होणाऱ्या नातवंडासाठी पिवळ्या फलालिनीचे दोन तुकडे आणले. कापड सगळ्यांना पसंत पडलं. वाद झाला तो आत काय भरायचं यावर.

"अब्बा, फायबर भरा. धुतलं की लगेच वाळतंय," अर्शी म्हणाली.

"पिंजाऱ्याच्या घरचं लेकरू प्लास्टिकवर निजणार?"

"मग माझी जुनी ओढणी घाला घड्या करून," शहजादीबी म्हणाल्या. "लई मऊ झाली हाय."

जलीलभाई भडकले. "चिंध्या? घरात कापसाचा ढीग हाय आन् नातवाला चिंध्या दिल्या म्हणतील अर्शीच्या सासरचे!"

शहजादीबींनी ओढणी बाजूला ठेवली. जलीलभाईंनी सगळ्यात चांगला कापूस निवडला, यंत्रावर दोनदा पिंजला आणि त्यातली कचऱ्याची बारीक काडीसुद्धा बोटांनी वेचून काढली. टाके मात्र गादीला घालतात तसे लांब लांब घातले, कारण जवळ टाके घातले की फुगा दबतो. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. गादी कधी कुणी धूत नाही, उन्हात टाकतात आणि झटकतात. रोज ओली होणारी वस्तू त्यांनी जन्मात केली नव्हती.

अनस जन्मला. सासरी मिरवायची म्हणून मला पिशवीत घालून कपाटात ठेवलं. माहेरच्या सव्वा महिन्यात तो शहजादीबींच्या त्याच ओढणीच्या तुकड्यांवर झोपला. ते तुकडे ओले व्हायचे, धुतले जायचे, दुपारपर्यंत वाळून परत त्याच्याखाली यायचे. उघड्या कपाटातून मी ते बघायची आणि नाक मुरडायची. त्या माजाची आज मला फार लाज वाटते.

शिरूर अनंतपाळला अर्शीच्या सासरी बाळाच्या जन्मानंतरचा अकीकाचा समारंभ झाला. बायकांनी मला दाबून बघितलं. "पिंजाऱ्याच्या घरची चीज हाय, दिसतंच की!" मी आणखीच फुगले. त्याच दुपारी अनसने मला ओली केली. अर्शीच्या सासूबाईंनी मला बादलीत बुडवलं, पिळलं आणि दारासमोरच्या तारेवर टाकलं. आतला कापूस पाणी पिऊन जड झाला आणि घसरला. दोन दिवस मी तिथे लोंबत होते, मधे रिकामी आणि खाली गोळेच गोळे. वासही येऊ लागला. गल्लीतून जाणारं प्रत्येक माणूस वर बघायचं. तार तुटावी आणि मी नालीत पडावं, असं मला वाटत होतं.

सासूबाई टोचून काही बोलल्या नाहीत. "राहू दे, आत ठेव, तुझे अब्बा आले की बाहेर काढू," एवढंच म्हणाल्या. त्या भलेपणाने मी आणखी ओशाळले. एकदा अर्शीने अनसला माझ्यावर निजवून बघितलं. पाठीखाली गाठ आली आणि तो रडून रडून लाल झाला. मग अर्शीने मला कपड्यांच्या पेटीमागे दडवलं.

दर शुक्रवारी जलीलभाईंचा फोन यायचा. "दुलईवर निजतो का माझा वाघ?"

"हाव अब्बा, तिच्याबिगर झोपतच न्हाई," असं म्हणून अर्शी पेटीकडे बघायची. माझ्यापायी ती बापाशी खोटं बोलत होती.

एके दिवशी आईवडील न सांगता भेटायला आले. अर्शीने घाईघाईने मला ओढून अनसच्या खाली पसरलं. तो लगेच किंचाळला. त्याला उचलायला जलीलभाईंनी खाली हात घातला आणि हात तिथेच राहिला. आयुष्यभर कापूस चाचपलेली ती बोटं. त्यांना एक गाठ लागली, मग दुसरी. मला सपाट व्हायचं होतं, पण कशी होणार?

"तुमाला वाईट वाटंल म्हणून न्हाई सांगितलं, अब्बा," अर्शी पुटपुटली.

"मला वाईट वाटू नये म्हणून याला गाठींवर निजवलंस?"

आवाज चढला नव्हता. त्यांनी अनसचं झबलं वर करून पाठ बघितली. तिथे लाल वळ होता. मग ते शहजादीबींकडे वळले. "तू म्हणत व्हतीस. मीच ऐकलं न्हाई."

मुक्कामासाठी आणलेली आपली जुनी, धुवून धुवून विरलेली लुंगी त्यांनी पिशवीतून काढली आणि कात्री मागितली.

"भाईसाब, रात्री नेसाल काय?" सासूबाईंनी विचारलं.

"जावयाची नेसतो."

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यांनी सगळ्यांसमोर मला उसवलं. एकेक गोळा फरशीवर पडत होता आणि प्रत्येक गोळ्याबरोबर जलीलभाईंची नजर खाली जात होती. लुंगीच्या घड्या आत घालून शहजादीबी आणि सासूबाई दोन बाजूंनी बसल्या आणि त्यांनी बोटाबोटावर टाके घातले.

आता मी पातळ आहे. माझं कौतुक कुणी करत नाही. सकाळी ओली होते, दुपारी वाळते, अनस हातपाय पसरून झोपतो. तरी सगळ्यांसमोर उसवली गेले ती दुपार मला विसरता येत नाही.

मित्रांनो, मोठ्यांनी मायेने दिलेली वस्तू लेकराला टोचत असेल, तर ती पेटीमागे दडवू नका. त्याच दिवशी त्यांना सांगा. जलीलभाईंना फोनवर ऐकून वाईट वाटलं असतं, पण आपल्या कापसाची गाठ नातवाच्या पाठीखाली स्वतःच्या बोटांनी शोधावी लागली नसती.