फारुकभाईंची वाहवा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हटलेलं मला चालतं, भंगार म्हटलेलं मात्र लागतं. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या पाठीवर छापलेलं होतं, पण ती पट्टी घामानं निघून गेली. घाम माझा नव्हे, माझ्या मालकांचा.

१९९१ साली पणदऱ्याच्या फारुकभाईंनी मला बारामतीच्या बाजारातून आणलं. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. लोक टेप घेतात गाणी ऐकायला. फारुकभाईंनी मला घेतलं ते कोऱ्हाळ्याच्या महिपतरावांचा बँड लग्नालग्नांतून टिपून आणायला. सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा करून त्यांनी मला गळ्यात अडकवलं आणि माझी नोकरी सुरू झाली.

महिपतराव क्लॅरोनेट वाजवत. गाणं सगळ्यांच्या ओळखीचं घेत, पण दुसऱ्या कडव्यानंतर ते कुठल्या गल्लीत शिरतील हे त्यांनाही ठाऊक नसे. मागून ढोलवाला भीमा आणि बाकीची मंडळी धापा टाकत धावत. एकच गाणं मी वीस लग्नांत टिपलं, पण दोनदा सारखं कधी ऐकलं नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी महिपतराव दुकानात हजर. फारुकभाई पंक्चर काढता काढता मला चालू करत आणि निकाल देत. "सुरवात बरी. मधी भीमा घाईला आला. तिसऱ्या वळणावर तुमी भ्यालात, महिपतराव. तितं अजून आत जायाला पायजे हुतं." महिपतराव शाळकरी पोरासारखे मान खाली घालून ऐकत. लग्नात डोक्यावर बांधलेल्या फेट्यांपेक्षा त्यांना हा निकाल मोठा वाटे.

पुढे गावोगाव बॅन्जो पार्ट्या निघाल्या आणि महिपतरावांना कुणी विचारेना. ट्रम्पेटवाला साखर कारखान्यात चिकटायच्या बेतात होता. अशात इंदापूरच्या रामहरीतात्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न निघालं. त्यांच्या भावकीत त्या उन्हाळ्यात आणखी सहा लग्नं होती. ही सुपारी मिळाली तर बँड टिकणार होता, नाहीतर मोडणार होता. तात्यांचा निरोप आला, "आधी नमुना ऐकवा."

फारुकभाईंनी पेटीतली सगळ्यात लाडकी कॅसेट काढली. ती सुप्याच्या एका परण्याची होती. परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावरून मारुतीला नेऊन आणायची मिरवणूक. आता माझी एक खोड सांगतो. मला सगळंच ऐकू येतं. फारुकभाईंना मात्र त्या कॅसेटवर फक्त क्लॅरोनेट ऐकू येई. शंभरदा ऐकूनही त्यांना दुसरं काही ऐकू आलं नव्हतं.

फारुकभाई आणि महिपतरावांनी तात्यांच्या ओसरीवर मला मधोमध ठेवलं. क्लॅरोनेट सुरू झालं. लगेच त्याच्यावर फारुकभाईंचा आवाज चढला. "वा. वा महिपतराव. आता खाली उतरू नगा." मग, "ए, घोडं थांबव." मग कुणी म्हातारा कळवळून म्हणाला, "आरं मुहूर्त टळला, हला की म्होरं." त्यावर पुन्हा फारुकभाई, "मुहूर्त काय पळून जातुय व्हय?"

फारुकभाईंचे कान लाल झाले. आपला आवाज इतका मोठा आहे हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं. मला त्यांची दया आली, पण मी काय करणार? ऐकलेलं गिळून टाकायची सोय माझ्यात नाही.

"खरंच टळला का वो मुहूर्त?" तात्यांनी विचारलं.

खोटं बोलणं फारुकभाईंना जमत नसे. "टळला. पाऊण तास."

तात्यांनी हात झटकला. तेवढ्यात उंबऱ्यात बसलेल्या त्यांच्या आई, कुशाबाई, म्हणाल्या, "ती नवरानवरी नांदत्यात का?"

"नांदत्यात की आक्का. जुळं झालं."

"मग झालं तर. वाजवणारा ग्वाड वाजवतुय. पर ह्यो वरडणारा बाबा परण्यात नगं. त्याला मांडवात बसवा."

महिपतराव काही बोलणार, त्याआधीच फारुकभाईंनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची किंमत मला ठाऊक होती.

लग्नाच्या दिवशी मी भीमाच्या गळ्यात होतो. फारुकभाई मांडवात पाहुण्यांना पाणी वाढत होते. परण्या मारुतीला गेला आणि मुहूर्ताच्या बराच आधी परत आला. घोड्याला घामसुद्धा आला नाही. तात्या खूश झाले आणि उरलेल्या सहाही लग्नांची सुपारी त्यांनी तिथेच दिली.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी सगळं ऐकवलं. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात स्वच्छ कॅसेट. मधे कुणाचा खोकलासुद्धा नाही. फारुकभाईंनी हातातला टायर खाली ठेवला.

"साफ हाय, महिपतराव. एकबी चूक न्हाय."

महिपतरावांचा चेहरा पडला. "म्हंजी वाजलंच न्हाय म्हणा की."

"तसं कसं म्हणू?"

"मी सांगतो. वळणावर आलो की गर्दीत तुमास्नी बघायचो. तुमी न्हाय म्हटल्यावर आत जायाचं धाडसच हुईना. सरळ रस्त्यानं घरी आलो."

असं म्हणून त्यांनी पिशवीतून क्लॅरोनेट काढलं आणि दुकानातच सुरू केलं. फारुकभाई तोंडावर हात दाबून बसले. इंदापूरचा धसका होता तो. महिपतराव वळणावर आले आणि थांबले.

"बोला की आता. हितं कुणाचा मुहूर्त न्हाय."

"वा," फारुकभाई म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले. महिपतराव जे आत शिरले, ते गिऱ्हाईकं दारात खोळंबली तरी बाहेर आले नाहीत. तसं मी कधीच ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्याकडे नाही. माझं लाल बटण दाबायचं फारुकभाईंना सुचलंच नाही.

मित्रांनो, आता मी फळीवर धूळ खात असतो. फितीला टेकणारं माझं हेड महिन्यातून एकदा कापसाच्या बोळ्यानं पुसत चला, एवढंच माझं मागणं. पण समोर कुणी जीव ओतून वाजवत असेल, तर माझं बटण दाबून स्वतः गप्प बसू नका. वाहवा मला करता येत नाही. ती तुम्हालाच करावी लागते, आणि तीही वाजवणाऱ्याला ऐकू जाईल अशी.