अर्धी दाढी

"झालं. उठा, मेहुणे." सलूनवाल्याने कापड झटकलं.

मेहुण्याच्या अर्ध्या चेहऱ्यावर अजून फेस होता.

"भावोजी, उरलेली काय ताई करणार?"

"कुठली उरलेली? गुळगुळीत झालीय की!"

थट्टाच वाटली. मग सलूनवाला दाराकडे निघाला, डावा खांदा चौकटीवर आपटला, आणि त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

नाही, थांबा. त्याआधी ताप. बरेच दिवस संध्याकाळ झाली की कणकण यायची, आणि बायकोने डॉक्टरचं नाव काढलं की हा म्हणायचा, "हवा बदललीय." हवा! आता हॉस्पिटलच्या खाटेभोवती येरझारा घालताना त्या एका शब्दाने तिच्या डोक्यात सणक जात होती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, हृदयाची झडप जंतूंनी पोखरलीय. झडपेवर साठलेल्या जंतूंच्या गोळ्यातला तुकडा सुटून मेंदूत अडकला, म्हणून डावीकडचं जग त्यांच्या लेखी नाहीच. आणि ते दिसेनासं झालंय, हेही त्यांना कळत नाही. दुसरा तुकडा कधीही सुटेल. झडपेचं ऑपरेशन लवकर केलेलं बरं, पण त्यात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

कधीही. म्हणजे आत्ता? हे वाक्य संपायच्या...

"मला काही झालेलं नाही!" सलूनवाला सलाइनची नळी ओढू लागला. "दुकान उघडायचंय. मी सही करणार नाही."

"मग हे काय?" मेहुण्याने तोंड पुढे केलं. पुरावा म्हणून त्याने दाढी तशीच ठेवली होती. लिफ्टमध्ये लोक हसले होते.

"छान झालीय." त्याला तेवढीच बाजू दिसत होती.

"ताई, मी हात टेकले."

बायकोने नवऱ्याचा उजवा हात नळीवरून सोडवला आणि बोटांची मागची बाजू भावाच्या गालावरून फिरवली. गुळगुळीत गाल. हनुवटी. मग पलीकडे.

बोटं थबकली. मागे आली. पुन्हा गेली.

"हे कोणाचं काम?"

"तुमचं."

"मी याला असा खुर्चीवरून उठवला?" त्याचा हात पुन्हा नळीकडे गेला नाही. "अगं, मला तर अजूनही सगळं ठीकच दिसतंय. मग मी ठरवू कसं?"

"अहो..."

"तू ठरव. मी सही करतो."

म्हणजे आता सगळं तिच्या गळ्यात. थांबलं तर तुकडा, नाही थांबलं तर रक्त. तिने भावाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

डॉक्टरीणबाई बाहेर दुसऱ्याच कुणाशी बोलत होत्या. तिने त्यांना मध्येच तोडलं.

"आज करा," ती म्हणाली, आणि उत्तर येईपर्यंत तिथेच या पायावरून त्या पायावर होत राहिली.