थेल्माचा घेवडा आणि दारातली सेज

खाणवाल्यांनी डोंगराचं डोकं उडवलं, आतला कोळसा नेला, आणि मागे जे टकलं पठार उरलं त्याच्यावर पूरग्रस्तांसाठी घरं बांधली. घरं चांगली होती हो, खोटं कशाला बोला. नळाला गरम पाणी, भिंतींना पांढराशुभ्र रंग. पण जमीन? कुदळ मारावी तर ठण्णकन आवाज. गवतसुद्धा तिथे नाइलाजानं उगवायचं. म्हणून चर्चच्या मंडळींनी दारात ठेवायला लाकडी खोकी वाटली, काळ्या मातीनं भरलेली. एका घराला एकच.

पुरात घर गेलेल्या व्हर्लीचं खोकं घेऊन आलेली पोरगी शहरातली होती आणि भलतीच उत्साही.

"सेज लावा ना आजी," ती म्हणाली. "घेवड्याचे फार नखरे असतात. काठ्या रोवा, पाणी घाला, दरवर्षी परत पेरा. सेज एकदा लावली की विसरून जायचं."

"विसरायचंच तर नाहीये ना, बाई," व्हर्ली म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पोरगी चूक बोलली नव्हती. सेज म्हणजे करड्या पानांचं खरखरीत झुडूप. ऊन आणि खडी मिळाली की खूश. हिवाळ्यात मेल्यागत पडतं आणि वसंतात निर्लज्जासारखं पुन्हा फुटतं. सॉसेजात घाला, घसा धरला तर उकळून प्या. घेवड्याचं तसं नाही. घेवडा माणसाच्या हातावर जगतो. चार वर्षं पेरला नाही, बी भिजलं, उंदरानं खाल्लं, की संपला वंश. आणि हा काही दुकानातल्या पुडीतला घेवडा नव्हता. व्हर्लीच्या आईचा होता, आईला तिच्या आजीकडून आलेला. शेंग तेल चोपडल्यासारखी तुकतुकीत, आत दाणे इतके दाटीनं बसलेले की एकमेकांना चेपून चौकोनी झालेले. अख्ख्या ट्रेस ओढ्याकाठी त्याला थेल्माचा घेवडा म्हणत. आई जाताना म्हणाली होती, "व्हर्ले, बी सांभाळ गं."

सांभाळलं तिनं, जन्मभर सांभाळलं. मग त्या जुलैत पहाटे ओढा घरात शिरला आणि फ्रीजर उचलून घेऊन गेला. बी टिकावं म्हणून बियांची बरणी फ्रीजरमध्येच ठेवलेली होती.

आमच्या डोंगरातल्या बायकांची जुनी रीत आहे, आपलं बी तीन घरी ठेवावं. आपलं गेलं तर मागून आणता येतं. व्हर्लीनं तीन सोडून दहा घरी दिलं होतं. पण सगळी घरं ओढ्याकाठची. पाण्यानं एकही सोडलं नाही. तिनं बी दिलं नव्हतं ते फक्त एका घराला, डोंगराच्या वरच्या सोंडेवरच्या, जिथे पाणी कधी पोचत नाही. तिच्या सख्ख्या बहिणीच्या.

ओसी थोरली. आईला पुरलं त्याच दिवशी ही बया फावडं घेऊन आली आणि आईच्या स्वयंपाकघराच्या दारातलं सेजचं झुडूप मुळासकट उपटून घेऊन गेली.

"निदान थडग्याची माती तरी सुकू द्यायचीस!" व्हर्ली चारचौघांत ओरडली होती.

"आणि बियांची बरणी तू कोटात लपवून नेलीस ती काय मला विचारून?" ओसीनं तिथल्या तिथे परत केलं होतं. कोट नव्हे, एप्रन होता तो; पण बरणी नेली होती हे खरं.

तेव्हापासून दोघींचं तोंड बंद. डेल्फिया नावाच्या शेजारणीनं मधे एकदा मूठभर घेवडा गुपचूप ओसीला दिला. ते कळल्यावर व्हर्ली एक आख्खा हिवाळा डेल्फियाशीसुद्धा बोलली नाही. आता डेल्फिया पोरीकडे ओहायोत गेली होती आणि ती मूठ, पेरून वाढवून बरणीभर झालेली, ओसीच्या फडताळात होती. जगात तेवढाच थेल्माचा घेवडा उरला होता.

मागून आणायचं, एवढंच. पण व्हर्लीनं स्वतःची वाट स्वतःच अडवून ठेवली होती. पुरानंतर शाळेच्या हॉलमध्ये कुणी विचारलं, "थेल्माचं बी गं?" तर ही ताठ मानेनं म्हणाली, "घर जाऊ दे, बी उराशी धरून आणलंय." आईचं बी घालवलं हे कुठल्या तोंडानं सांगणार? झाकली मूठ झाकलेली राहिली. आणि डोंगरात बातमीला पाय असतात, ती सोंडेवर पोचलीच.

डॉगवुडच्या झाडांना फुलं आली, पेरणीचे दिवस जवळ आले, तेव्हा तिनं ओसीच्या मुलाला, आर्लनला, फोन केला.

"तुझ्या आईला सांग, रविवारी येतेय म्हणावं. जेवायलाच."

"व्हर्लीमावशी? तू?" आर्लन म्हणाला. "काही काम होतं का?"

"बहिणीकडे यायला काम लागतं का रे? म्हातारपण आलं, कशाला धरून बसायचं."

बियांचं नाव काढलं नाही. समोरासमोर बसू, बोलता बोलता काढू, असं तिनं ठरवलं. तेवढी अब्रू राहील.

रविवारी आर्लन तिला गाडीनं वर घेऊन गेला. ओसी पडवीत उभी होती. केवढी वाळली होती! नाकात ऑक्सिजनची नळी, गुडघे सुजलेले. बागेत सगळीकडे गवत माजलेलं; दोन वर्षं तिच्यानं काही पेरवलं नव्हतं. फक्त पायरीशी आईची सेज तेवढी फोफावली होती.

"आलीस. ये बाई," ओसी म्हणाली. "मेल्यावर येशील असं वाटलं होतं."

"मेल्यावर तू वाढलं नसतंस ना," व्हर्ली म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसता हसता ओसीला ठसका लागला.

आत वास येत होता. व्हर्लीला दारातच तो वास लागला. डुकराच्या चरबीचा, मक्याच्या पावाचा, आणि खाली आणखी एक, शेंगदाण्यासारखा गोडूस, जो दुसऱ्या कुठल्याच घेवड्याला येत नाही.

ओट्यावर रिकामी बरणी पालथी वाळत घातली होती.

"काय शिजवलंस गं?" तिनं विचारलं.

"काय म्हणजे? आईचा घेवडा! तुझं सगळं वाहून गेलं, किती दिवसांत घरचं खाल्लं नसशील. म्हटलं, माझ्यानं आता पेरणं होत नाही, तुझ्याकडे बी आहेच, मग बरणीत ठेवून काय लोणचं घालू? सगळा भिजत घातला. एक दाणा ठेवला नाही." ओसीचा चेहरा नुसता फुलला होता. "बस. गरम आहे तोवर बस."

व्हर्ली बसली. समोर वाडगा आला. चौकोनी दाणे, फुगलेले, साल फुटलेले. तोंड उघडून सांगावं का? सांगून काय होणार? शिजलेलं बी काय रुजणार आहे? आणि ही, नळी ओढत चुलीपाशी सकाळपासून उभी राहिलेली ही, हिच्या गळ्यात हा धोंडा बांधायचा? तिनं चमचा उचलला. आईचीच चव. ती घास गिळत राहिली.

"आणखी?" ओसीनं विचारलं.

"वाढ," व्हर्ली म्हणाली आणि दुसरा वाडगाही संपवला.

निघताना ओसीनं सेजची मुळं फुटलेली फांदी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. "घे. निम्मी तुझीच होती. आणि हो, आभार मानू नकोस बरं." रोप देणाऱ्याचे आभार मानले की रोप धरत नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. व्हर्लीनं पुडी काखेत धरली.

"ऑगस्टात शेंगा पाठव मला," ओसी म्हणाली. "पुढच्या वर्षाचं काही खरं नाही माझं."

"आणते," व्हर्ली म्हणाली.

खोक्यात सेज लागली. ती लगेच धरली आणि उन्हात माजली. दाराशी येता-जाता व्हर्ली तिच्याकडे बघायची आणि तिला त्या झुडपाचा राग यायचा. मग रागाचीच लाज वाटायची.

ऑगस्टात आर्लनचा फोन आला. "आई उठत नाही आता. शेंगा विचारते सारखी."

व्हर्लीनं गावातल्या दुकानातून शेंगा आणल्या. केसाळ, पोकळ, कुठल्या कुठल्या. शिरा काढल्या, चरबी घालून दुपारभर शिजवल्या. चाखून बघितल्या, नुसता पाला. मग तिनं दारातली सेज खुडून बारीक चिरली आणि सढळ हातानं पातेल्यात टाकली. वास तरी झाकेल.

ओसीला उशांना टेकवून बसवलं. तिनं एक चमचा घेतला आणि बराच वेळ चघळत राहिली. व्हर्ली खिडकीबाहेर बघत होती.

"सेज घातलीस."

"तूच दिलेली. मस्त वाढलीय."

"आई घेवड्यात सेज कधीच घालत नव्हती, व्हर्ले."

ओसीनं वाडग्यातली एक शेंग बोटांनी उचलली, उघडली, आतले दोन-तीन गोल दाणे बघितले.

"त्या दिवशी तू मागायला आली होतीस," ती म्हणाली. "आणि मी बाई सगळी बरणी..." तिला श्वास लागला. "तोंडानं सांगायला काय झालं होतं गं तुला?"

"लाज वाटली."

"कुणाची? माझी?"

व्हर्लीनं तोंडाला एप्रन लावला आणि ती रडली. आईला पुरलं तेव्हाही अशी रडली नव्हती. ओसीनं तिला रडू दिलं. मग वाडगा पुढे केला.

"वाढ आणखी."

"तो नाहीये गं हा, ओसी."

"कळतंय मला. तू नाही का तेव्हा दोनदा घेतलंस? वाढ."