महाराजांची रक्तशुद्धी

बालीगंजच्या त्या फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी मुंगी शिरायलाही जागा नव्हती. बदलीवर कलकत्त्याला आलेली निम्मी मराठी मंडळी, बँकेतली, विम्यातली, फोर्ट विल्यमच्या लष्करी ठाण्यातली, मनोहर गद्रेच्या दिवाणखान्यात मांडी घालून बसली होती आणि निर्मलानंद महाराजांच्या हातातल्या बाटलीकडे डोळे फाडून बघत होती. बाटलीत महाराजांचं तीर्थ आणि त्यात मनोहरच्या नऊ वर्षांच्या लेकीचं, हेमाचं रक्त होतं. नुकतंच शिरेतून काढलेलं, जांभूळकाळं.

"बघा!" महाराज गरजले. "हे पाप! मागल्या जन्मीचं! आता नाम घ्या आणि पाप जळताना बघा."

बाटलीवर भगवा रुमाल पडला. महाराज घुमू लागले, बाटली डोक्यावर धरून गदागदा हलवू लागले. रुमाल उचलला तेव्हा आत कुंकवासारखं लालभडक रक्त होतं. बायकांनी हात जोडले. एका कर्नलसाहेबांनी तर चक्क साष्टांग नमस्कार घातला.

दारात उभ्या असलेल्या शैलाताईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मनोहरच्या आतेबहीण. जन्म कलकत्त्यातला, एका इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात बावीस वर्षं नोकरी. हेमाच्या हृदयात जन्मापासून दोष होता. ओठ, नखं निळी पडायची, दहा पावलांत ती खाली बसायची. डॉक्टरांनी वेल्लोरला शस्त्रक्रिया ठरवून दिली होती आणि उद्याच्या मद्रास मेलची तिकिटं शैलाताईंनीच काढून आणली होती. ही तारीख चुकली तर पुढची वर्षभराने. तोवर पोर तग धरेल, असं कुणीही छातीठोकपणे सांगत नव्हतं.

आणि ती तिकिटं मनोहरने काल परत केली! का, तर डॉक्टर बंगाली आणि महाराज मराठी. परमुलखात आपल्या भाषेत गोड बोलणारा भेटला की ही पदवीधर माणसं अक्कल गहाण टाकून मोकळी होतात. "आपल्या सदाशिव पेठेतले आहेत हो," एवढीच काय ती मनोहरची चौकशी.

शैलाताई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. पिशवीतून त्यांनी सुई आणि दोन काचनळ्या काढल्या.

"मनोहर, हात पुढे कर."

"ताई, चारचौघांत तमाशा नको."

"लेकीचा हात पुढे केलास तेव्हा तमाशा नव्हता? कर म्हणते ना!"

मनोहरचं रक्तही काळपटच निघालं. हेमाच्याइतकं नसेल, पण काळपटच.

"हा धडधाकट माणूस. याचंही पाप का हो, महाराज?" शैलाताईंनी विचारलं. "नळ्यांत सायट्रेट घातलंय, रक्त गोठू नये म्हणून. तुमच्या बाटलीतलं तीर्थ तेच असणार. ही नळी काठोकाठ भरून बूच लावलंय, आत हवा नाही. ती तुम्ही घ्या आणि घसा बसेपर्यंत मंत्र म्हणा. ही दुसरी अर्धीच भरलीय. ती प्रेमलता हलवेल. तिला मंत्र येत नाही."

प्रेमलता म्हणजे हेमाची आई. ती नळी हलवू लागली. महाराज पुटपुटले, घुमले, घामाने भिजले. त्यांच्या नळीतलं रक्त काळं ते काळंच. प्रेमलताच्या नळीतलं दोन मिनिटांत लालभडक!

"नास्तिकांपुढे शक्ती प्रकट होत नाही," महाराज म्हणाले.

"मघाशीही मी दारातच होते. तेव्हा बरी झाली प्रकट!"

मग शैलाताई लोकांकडे वळल्या. "शिरेतलं रक्त काळपटच असतं, तुमचं, माझं, या भोंदूचंही. त्यातला बराचसा प्राणवायू शरीराने वापरलेला असतो. हवेत घुसळलं की ते पुन्हा प्राणवायू धरतं आणि लाल होतं. आपली फुप्फुसं जन्मभर हेच काम करतात. हेमाच्या हृदयातल्या दोषामुळे काही रक्त फुप्फुसांत न जाताच अंगात परत फिरतं, म्हणून ती निळी पडते. याने लाल केलं ते बाटलीतलं. पोरीच्या अंगातलं होतं तसंच आहे! डोळ्यांनी बघितलं म्हणून माना डोलवू नका. रुमाल बाजूला करा, मंत्र बाजूला करा आणि तेच पुन्हा करून बघा. निदान तोवर तरी दुसऱ्याच्या लेकराचा जीव पणाला लावू नका."

महाराजांनी झोळी आवरली. "पण चेहऱ्यावर तेज होतं हो," कर्नलसाहेब अजूनही म्हणतच होते.

"अहो, बघत काय बसलात?" प्रेमलता नवऱ्यावर कडाडली. "हावडा स्टेशनवर जा, तिकिटं काढा! जागा नाही मिळाली तर पोरीला मांडीवर घेऊन बसेन मी."

मनोहर उठला. आठ दिवस महाराजांच्या तोंडून स्वतःचं पाप ऐकत आलेल्या हेमाने त्याचा सदरा धरला. कलकत्त्यात वाढलेली पोर, मराठी अडखळतच बोलायची.

"बाबा, मग मी... मी काही वाईट केला नाही ना?"

मनोहर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्याला वर बघवेना.

"नाही गं बाळा," तो म्हणाला. "मी केलं."