अडतीस माणसांचं विमान

"मोठं विमान बसलं," नवरदेव फोन ठेवत म्हणाला. "चाकांपाशी तेल गळतंय. आज काही उठत नाही ते."

ताईने घड्याळाकडे पाहिलं. सात चाळीस. सकाळपासून तिची नजर घड्याळावरच होती, पण ती वेगळ्या कारणासाठी. तिचा दादा आज साडेनऊच्या विमानाने तिच्याकडे यायचा होता. नऊ वर्षांनी.

"किती माणसं?" तिने विचारलं.

"दोनशे सत्तर. साडेदहा तासांचा पल्ला, अर्धा समुद्रावरून."

कुठल्या मार्गावर कुठलं विमान पाठवायचं, हे विमान कंपनीच्या ज्या खोलीत ठरायचं तिथे ताई सव्वीस वर्षं बसत होती. नवरदेव तिच्या शेजारचा. लग्नाच्या रजेवरून परतला त्या दिवशी चिकटलेलं नाव सहा वर्षं झाली तरी सुटलं नव्हतं. खोलीला खिडकी नव्हती आणि विमानाचा आवाजही तिथे पोचत नसे. समोरच्या पडद्यावर नुसत्या रंगीत पट्ट्या. एक पट्टी म्हणजे एक विमान आणि त्याचा दिवस.

नव्या माणसाला हे काम समजावताना ताई म्हणायची, घरात पाहुणे आल्यावर अंथरुणांचं जे होतं तेच इथे होतं. चांगली गादी पाहुण्याला. मग गादीवरचा सतरंजीवर, सतरंजीवरचा चटईवर, आणि जो सगळ्यात धाकटा त्याला कुणी विचारतच नाही.

आजही तेच होणार होतं. परदेशी जाणारं विमान चुकवून चालत नाही. पुढे लोकांची जोडविमानं असतात, आणि तिकडे उतरायची ठरलेली वेळ हातची गेली की परत मिळता मिळत नाही. तेवढं इंधन पोटात घेणारं आणि समुद्र ओलांडायचा परवाना असलेलं दुसरं विमान एकच होतं. दुपारी देशातल्याच दुसऱ्या मोठ्या शहराची फेरी करणारं. ताईने ते उचललं. त्या फेरीला मधल्या आकाराची दोन विमानं लागली. एक राखीव होतं, दुसरं एका मध्यम गावाच्या मार्गावरून काढलं. त्या गावच्या एकशे चाळीस माणसांसाठी आता पंख्याचं छोटं विमान हवं होतं, सत्तर जागांचं, दोन फेऱ्या मारणारं.

पंख्याची विमानं सकाळी दोनच हाताशी होती. एक बंदराच्या गावाला जाणारं. दुसरं डोंगरावरच्या गावाला, जिथे दादा राहायचा.

डोंगरावरची धावपट्टी आखूड. तिथे लहान विमानच उतरतं, आणि लहान विमान मात्र बाकी कुठेही चालतं. म्हणून ओढाताण झाली की कात्री नेहमी त्याच गावावर.

ताई उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. पाण्याच्या बाटलीचं झाकण बंद केलं, उघडलं, बंद केलं.

"बंदराच्या गावचे किती?" तिने विचारलं. आकडा पडद्यावर तिच्या नाकासमोर होता.

"सहासष्ट. डोंगरावरचे अडतीस." नवरदेवाने मान वर केली. "डोंगरावरचं काढायचं ना?"

नियम साधा होता. ज्यात माणसं कमी, ते काढायचं. पण नियमाच्या कडेला एक रकाना होता, 'अन्य कारण'. तिथे बंदराच्या गावापुढे 'वैमानिक उपलब्ध नाही' असं लिहिलं असतं तर कुणी विचारायला आलं नसतं. सव्वीस वर्षं तिने तो रकाना स्वतःसाठी वापरला नव्हता. तिने बंदराच्या गावची पट्टी धरली आणि ओढून मध्यम गावावर ठेवली. पट्टी बसली. सगळं जुळलं.

नवरदेवाने पाहिलं. काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

वहिनीने वर्षभर दादाच्या मागे लागून हे तिकीट काढायला लावलं होतं. माणूस कधी विमानात बसलेला नाही. नवा शर्ट घालून सातपासूनच विमानतळावर जाऊन बसलाय, असं वहिनीने हसत हसत कळवलं होतं. एकदा मागे फिरला तर पुन्हा निघेल? दादाचा स्वभाव म्हणजे दगडावरची रेघ.

आठ वाजायला पाच मिनिटं होती. ताईने ती पट्टी परत जागेवर ठेवली आणि डोंगरावरची काढली. विमान रद्द झाल्याचा निरोप सुटायच्या आत फोन उचलून बाहेर पडली.

"दादा, विमान येत नाहीये."

"इथे तर काही सांगितलं नाही." पलीकडे लोकांचा गलका होता.

"आता सांगतील. मोठं विमान बिघडलं, त्यापायी तुमचं काढलं." तिने श्वास घेतला. "मीच काढलं."

दादा मग म्हणाला, "शाब्बास, चिमे. बाबा गेले तेव्हाही तू विमानंच लावत बसली होतीस."

बाबा गेले तेव्हा ती दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याने पोचली होती. सगळं आटोपलेलं. दादा दारात उभा होता. "तुझी विमानं उतरली का सगळी?" एवढंच म्हणाला होता, आणि त्यानंतर नऊ वर्षं काहीच नाही.

"बसून नव्हते राहिले," ताई म्हणाली. जिन्याच्या कठड्याला तिने घट्ट धरलं होतं. "त्या दिवशी नऊ वाजता मी तुमच्या गावचं विमान काढलं. आजच्यासारखंच. दहाला तुझा फोन आला. मग जायला विमानच नव्हतं."

"काय म्हणतेस?"

"माझ्याच हाताने काढलं होतं, दादा."

"मग तेव्हा सांगायचंस ना!"

"सबब वाटली असती."

"वाटली असती," दादा म्हणाला. मग जरा थांबून, "तेव्हा किती माणसं होती?"

"एकवीस."

"आणि आज?"

"अडतीस. तुला धरून."

पलीकडे कुणीतरी मोठमोठ्याने भांडायला लागलं होतं. निरोप पोचला असणार. दादा फोन न ठेवताच कुणाला तरी म्हणाला, "अहो, त्या पोरीवर कशाला ओरडता? ती काय विमान पदरात लपवून बसलीय?" मग पुन्हा फोनवर आला. "उद्या आहे का?"

"आहे. पण राहील का, ते मी सांगू शकत नाही."

"अगं, खोटं तरी बोल!"

"नाही रे."

दादा हसला की खोकला, तिला कळलं नाही. "बरं. उद्या येऊन बसतो. आलं तर आलं."

ताई आत आली. दिवसभर तिला एका जागी बसवेना. परदेशी जाणारं अकराचं विमान वेळेवर गेलं, त्याबद्दल साहेब येऊन शाबासकी देऊन गेले. ती नुसतं हो म्हणाली.

तीन वाजता उद्याची यादी लावायची वेळ झाली. बिघडलेलं विमान उद्याही उठणार नव्हतं, म्हणजे पुन्हा तीच ओढाताण. डोंगरावरच्या गावचा आकडा पडद्यावर यायच्या आत ताईने कळफलक नवरदेवाकडे सरकवला.

"उद्याची यादी तू लाव."

"ताई, सकाळी मी पाहिलं. कुणी आपलं असेल तर सांगा ना, मी बघतो काहीतरी."

"काही बघायचं नाही. माणसं कमी असतील तर काढायचं."

तिने खुर्ची भिंतीकडे फिरवली, हात मांडीवर ठेवले, आणि मागून येणारा कळांचा आवाज ऐकत बसून राहिली.