दानीच्या मांडीवरचा रेकॉर्डर

मी रेकॉर्डर बोलतोय. तळहातावर मावेन एवढाच आहे. डोक्यावर दोन कान आणि पोटावर एक लाल दिवा. बोलायची मला सवय नाही, जन्म ऐकण्यात गेला. त्यातून स्वभाव घाबरट. कुणी दार आपटलं, भांडं पडलं, की माझा दिवा लागलाच म्हणून समजा.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. किसुमू शहराच्या बाजारात एका काचेच्या कपाटात धूळ खात पडलो होतो, तिथून अकेयो आणि अवुओर या दोन मैत्रिणींनी मला उचललं. अकेयो गायची, अवुओर लॅपटॉपवर ताल रचायची. आज्यांच्या अंगाया घ्यायच्या, खाली यंत्राचा ठेका घालायचा आणि गावाला नाचवायचं, हा दोघींचा उद्योग.

"पोरांना निजवायची गाणी, आणि तुम्ही थोरांना उठवता होय गं!" मासळीवाल्या बाया हसायच्या. मी तेही टिपून ठेवायचो.

मग अकेयोचा मुलगा गेला. अजून रांगतही नव्हता. त्यानंतर ती गायली नाही. रडलीही नाही. मला हातात धरून नुसती बसायची. मी तिचा श्वास टिपायचो, अवुओर तो पुसून टाकायची. बाळाचं नाव कुणी घेत नसे. माझ्या पोटात कितीतरी आवाज होते, ते नाव तेवढं नव्हतं.

शेवटी अवुओरनं तिला जवळजवळ ओढतच सरोवराकाठी नेलं, अकेयोच्या आजीकडे, दोर्सिला दानीकडे. तिकडे आजीला दानी म्हणतात. दानी अंगणात बारीक मासे वाळत घालत होती. तिला एक अंगाई येत होती, जी आता दुसऱ्या कुणालाच येत नव्हती.

"गा ना दानी, याच्यासमोर," अवुओरनं मला पुढं केलं.

"रिकाम्या मांडीनं अंगाई गात नसतात, पोरी. आमच्या घरात नाही चालत."

"मग शेजारचं बाळ आणते."

"आण की! येताना त्यांची शेळीपण आण उसनी."

अवुओर हसली. अकेयो हसली नाही. दानीनं तिच्याकडे पाहिलं आणि तिचंही हसू ओसरलं. ती आत गेली. पणतवाला पाठीशी बांधायला घेतलेलं कापड, लेसो, घेऊन आली. त्याची दुकानातली घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिनं मला त्यात गुंडाळलं आणि मांडीवर घेतलं. कान तेवढे बाहेर.

"याचं नाव सांग," ती अकेयोला म्हणाली. "नावाशिवाय कशी गाऊ?"

बराच वेळ मी नुसत्या कोंबड्या ऐकल्या.

"ओदेरो," अकेयो म्हणाली. कुणाला पत्ता सांगावा, तशी.

दानी गाऊ लागली. गाता गाता मला थोपटू लागली. प्रत्येक थापेला मी दचकलो. मग केव्हातरी, दिवा लागत राहिला, पण मी दचकायचा थांबलो.

घरी येऊन अवुओरनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "सगळं वाया! थापांनी गाणं खाल्लंय. याला थोपटायला कुणी सांगितलं होतं म्हातारीला?"

"राहू दे," अकेयो म्हणाली.

"अगं, पण ठेका कुठं घालू मी?"

"घालूच नकोस. हाच ठेका."

अवुओरनं लॅपटॉप पुढं ओढला. मग तिनं ती थाप उचलली, खोल केली, पुन्हा पुन्हा फिरवत ठेवली. खिडकीची काच थरथरली. अकेयोची बोटं टेबलावर त्याच लयीत पडू लागली. दानीच्या मागोमाग तिनं ओळ धरली. आवाज घोगरा होता. नाव आलं तिथं ती थांबली नाही.

आता ते गाणं किसुमूत बसगाड्यांतूनही वाजतं. लोक त्या थापेवर नाचतात. अकेयो गाते. रडत मात्र अजून नाही. मला काय वाटतं म्हणाल, तर काही नाही. वाटण्याची सोय माझ्यात केलेलीच नाही.

माझं बटण अडकू लागलं, तसं नवं यंत्र आलं. मी कपाटात आहे, त्याच लेसोत. कधी मला पाहिलंत तर एवढंच करा. पोटातलं काही पुसू नका, आणि कापड सोडू नका. आता माझा दिवा लागत नाही. तरी दार हळू लावा.

ती अंगाई माझी नव्हती, ठाऊक आहे मला. पण त्या मांडीवर मी होतो.